सगळे केत्सालच्या मागे, मी टूकॅनेटच्या

कोस्टा रिकाची राजधानी सान होसे, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ट्रॅफिक भयंकर आणि जेवण महाग. तिथून इंटरअमेरिकाना हायवेने सेर्रो दे ला मुएर्ते या डोंगराच्या दिशेने चढत गेलं की ऐंशीव्या किलोमीटरला उजवीकडे सान हेरार्दो दे दोताचा रस्ता फुटतो, आणि तो उतार असा की गाडीत सगळ्यांचं बोलणंच थांबतं. खाली साधारण 2,200 मीटरवरचं गारठलेलं खोरं, शेवाळाने मढलेले उंच ओक, मधून वाहणारी सावेग्रे नदी. मला हा सगळा परिसर जाम आवडला.

इथे येतो तो प्रत्येक जण केत्साल हा झळाळता हिरवा पक्षी बघायला. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. पहाटेच अग्वाकातियोच्या झाडाखाली मोठ्ठी गर्दी, ट्रायपॉडला ट्रायपॉड लागलेला. हा रानटी अॅव्होकॅडो, फळं जेमतेम सुपारीएवढी, आणि केत्सालचं हे आवडतं खाणं.

केत्सालऐवजी आला तो निळ्या गळ्याचा टूकॅनेट, म्हणजे मोठ्या चोचीच्या टूकनचा छोटा भाऊबंद, आणि पटापट कॅमेरे खाली! मला खरंच वाईट वाटलं. नवरा म्हणाला, "अगं, वरच्या फांदीवर बघ, डावीकडे." जेमतेम फूटभर लांबीचा पक्षी, अंग गर्द हिरवं, म्हणून पानांत हलेपर्यंत दिसतच नाही. गळा निळा, शेपटीखाली विटकरी तपकिरी, चोच वर पिवळी खाली काळी, आणि चोच चेहऱ्याला जिथे चिकटते तिथे पांढरी रेघ. त्याने चोचीच्या अगदी टोकाने फळ खुडलं, क्षणभर तसंच धरलं, मग मान मागे टाकून उडवलं आणि थेट घशात. त्याची जीभ लांब आणि अरुंद, तिच्याने फळ आत ढकलता येत नाही म्हणून ही फेक. मग बेडकासारखा कोरडा आवाज काढत बसला, एकाच सुरात, थांबेचना.

तेवढ्यात गाइडने सांगितलं की हा केत्सालच्या घरट्यातली अंडी आणि पिल्लं खातो. झालं, शेजारच्या एका माणसाने टाळ्या वाजवून त्याला हाकलायला सुरुवात केली, पुढे खडाही उचलला. गाइडने अडवलं म्हणून बरं. माझा जाम संताप झाला. केत्साल तरी पिल्लांना काय भरवतो? किडे, सरडे, बेडूक. एकाचं खाणं गोड आणि दुसऱ्याचं पाप, हे कुठलं प्रेम? आणि टूकॅनेटही हीच फळं गिळतो, गर पचवतो आणि बी दुसरीकडे कुठेतरी ओकून टाकतो. म्हणजे केत्सालला लागणारी झाडं लावणाऱ्यांत हाही आहेच की.

केत्साल नंतर आला. सुंदरच आहे, प्रश्नच नाही. गर्दीत धक्काबुक्की झाली, म्हणून आम्ही बाजूला झालो.

दुपारी लॉजच्या बागेत पपईवर टूकॅनेटची जोडी आली, अगदी हाताच्या अंतरावर. नर-मादी दिसायला सारखेच, नराची चोच थोडी लांब. जवळून ती चोच अवजड वाटते, पण आत हाडाची जाळीदार पोकळ रचना असल्याने वजनाला हलकी असते. त्यांना बघून खूप लोक धनेश म्हणतात, पण धनेशाचं कूळ वेगळं. आपल्याकडचा तांबट मात्र याचा लांबचा नातेवाईक, आणि तांबटासारखाच हाही झाडाच्या ढोलीत राहतो, बहुतेक वेळा सुतारपक्ष्याने सोडलेल्या.

पिल्लं उघडी-नागडी आणि आंधळी जन्मतात, टाचांना जाड गादी असते, तिच्यावर ढोलीच्या खडबडीत तळाशी बसून राहतात, आणि आई-बाप दोघंही भरवतात. ते एकदा बघायचंय. पुढच्या वेळी घरटं माहीत असलेला गाइड आधी ठरवणार, आणि त्याला पहिल्याच फोनवर सांगणार की आम्हाला टूकॅनेट बघायचाय.