वैनगंगेच्या काठाकाठाने: भंडारा, पवनी, वडसा ते मार्कंडा

नागपूरकरांची वैनगंगा तुकड्यातुकड्यांत पाहून होते. एका रविवारी अंभोरा, पुढे कधीतरी पवनी, महाशिवरात्रीला मार्कंडा, आणि दर वेळी रात्रीपर्यंत घरी. रस्ते नागपुरातून फुटतात म्हणून हे असं होतं. नदी मात्र उत्तरेकडून दक्षिणेला उतरते. तिच्या बाजूने जाणारा कारधा–पवनी–निलज रस्ता धरला की दोन दिवस आणि एक मुक्काम एवढ्यात ही गावं ओळीने होतात.

दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. एप्रिलनंतर दुपारी दगडी घाटावर पाय ठरत नाही, आणि पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावांचे नदीकाठचे रस्ते बंद होतात. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वरून, मध्य प्रदेशातूनही पाणी सुटलं, तेव्हा पवनीपासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावंच्या गावं पाण्यात होती.

भंडारा नागपूरहून साठेक किमी. एसटी भरपूर आहेत. रेल्वेने जाणाऱ्यांची हमखास फसगत होते ती स्टेशनाच्या नावामुळे. भंडारा रोड हे स्टेशन वरठीला आहे, शहरापासून दहाएक किमीवर. तुमसर रोडही तुमसरात नाही, देव्हाडीला आहे. पुढे ऑटो लागणारच, तेव्हा पहाटेची किंवा रात्रीची गाडी टाळा.

भंडाऱ्याच्या मेंढा भागातला भृशुंड गणेश विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. सकाळी लवकर गेलात तर अर्ध्या तासात दर्शन होतं. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. भांडं घ्यायचं तर ते वजनावर मिळतं, म्हणून आधी किलोचा भाव विचारा आणि घडाईचे पैसे त्यात धरलेत की वेगळे, हे पक्कं करा. आंबट शिजवणार असाल तर कल्हई तिथेच करून घ्या.

वेळ खर्च करायचा तो कोशावर, म्हणजे कोसा या टसर रेशमाच्या कापडावर. भंडाऱ्याहून तुमसर रस्त्याने मोहाडी आणि आंधळगाव ही विणकरांची गावं आहेत. इथली करवतकाठी साडी म्हणजे काठाला करवतीचे दाते, काठ सुती आणि अंग टसरचं. हे दाते तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या साधनांनी) विणतात: दोन काठांचे, एक अंगाचा. प्रत्येक दात्यापाशी दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवावे लागतात, म्हणून काम सावकाश चालतं. अस्सल करवतकाठी ओळखायची तर पदर उलटा करून काठाची मागची बाजू बघा. दाते दोन्हीकडून सारखेच स्वच्छ दिसले पाहिजेत. मागे धागे लोंबकळत असतील किंवा कापलेले दिसत असतील तर ती नक्कल. कोसा आहे की नाही याचीही शंका असेल तर टोकाचा एक धागा मागून घेऊन जाळा: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते, सिंथेटिक वितळून त्याचा कडक मणी होतो. खरा कोसा थोडा गाठाळ असतो, तो दोष नव्हे. दुकानापेक्षा माग असलेल्या घरी जा, पण विणणाऱ्याला मध्येच थांबवू नका.

नागपूरहून भंडाऱ्याऐवजी कुहीमार्गे अंभोऱ्यालाही सुरुवात करता येते. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्या इथे भेटतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर आणि मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतले हरिनाथ यांची समाधी आहे. जानेवारी 2024 मध्ये नवा केबलचा पूल सुरू झाला आणि नदीपलीकडे भंडारा जिल्ह्यात थेट उतरता येऊ लागलं; त्याआधी नावेची वाट बघावी लागे. रविवारी दुपारी मात्र पुलावर चालायलाही जागा नसते. आणि इथल्या पाण्यात आंघोळ नको. हे धरणाचं तुंबलेलं पाणी आहे, जलपर्णीने भरलेलं, आणि त्यात कन्हानमधून आपल्याच नाग नदीचं सांडपाणी येतं. शहराने काय खाली सोडलंय ते बघायला अंभोऱ्याइतकी चांगली जागा नाही.

भंडाऱ्याजवळच्या कारध्याहून अड्याळ, कोंढा करत पवनी. गोसीखुर्दची भिंत अकरा किमीहून लांब आणि दरवाजे 33. एका टोकाला जाऊन परत फिरलात तरी पुरे. पवनी मात्र घाईने उरकू नका. गाव अजून जुन्या कोटाच्या आणि खंदकाच्या आत आहे. जवाहर दरवाजातून पायी शिरा, चारचाकी बाहेरच ठेवा, कारण आतल्या गल्ल्यांत समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यायलाही जागा मिळत नाही. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात मोठा विटांचा स्तूप सापडला. आज दिसते ती मातीची टेकडी आणि विटांचे थर, तेव्हा सांचीची अपेक्षा ठेवून जाऊ नका. सर्वतोभद्र गणेश गावातच. घाटावर संध्याकाळी बसा, पण खालच्या पायऱ्या धरणातून किती पाणी सुटतंय त्यावर वरखाली होतात. ओल्या, हिरव्या पायरीवर पाय ठेवू नका.

मुक्काम पवनीत न करता पुढे ब्रह्मपुरी किंवा वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे करा. लॉज जास्त आहेत, आणि वडसा हे झाडीपट्टी नाटकांचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकनाट्याचं ठाणं. मंडई (दिवाळीनंतरच्या गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत आसपासच्या कोणत्या ना कोणत्या गावात प्रयोग असतोच. कुठे आहे ते एसटी स्टँडजवळच्या फलकांवर कळतं किंवा नाटक कंपनीच्या कार्यालयात विचारा. रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. डिसेंबर-जानेवारीत शाल पुरत नाही, चादर किंवा घोंगडी न्या. ज्याला सकाळी गाडी चालवायची आहे त्याने मध्यंतरात उठावं.

इतवारी–नागभीड छोटी गाडी 2019 मध्येच बंद झाली, जुनी वेळापत्रकं बघून बेत आखू नका. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड ही स्टेशनं गोंदिया–चांदाफोर्ट मार्गावर आहेत, त्यामुळे नागपूरकरांना एसटीच सोयीची.

दुसऱ्या दिवशी आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी आणि मार्कंडा. इथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. म्हणून हे तीर्थ. इथल्या दगडी देवळांवरचं नक्षीचं काम बारीक आहे. उन्हं कलती असताना, म्हणजे सकाळी नऊच्या आत, किंवा त्याच दिवशी परतायचं नसेल तर चारनंतर, मूर्तींचे चेहरे उठून दिसतात. मुख्य मंदिराच्या दुरुस्तीचं काम रेंगाळलेलं आहे, तेव्हा परांच्या असतील हे गृहीत धरा. जत्रेचे दिवस टाळलेले बरे. पात्रात वाळू कोरडी दिसली तरी चालत फार आत जाऊ नका, खाली डोह असतात.

परतीला नागपूरपर्यंत पाच तास धरा आणि मार्कंड्याहून दोनच्या आत निघा. ब्रह्मपुरी–नागभीड पट्ट्यात वाघ रस्त्यावर येतात. दुचाकीवर असाल तर अंधार पडायच्या आत हा टप्पा पार झालाच पाहिजे. पेट्रोल गडचिरोलीतच भरा. हिवाळ्याच्या अखेरीस भिवापूरला मिरची उतरलेली असते. घ्यायची तर देठासकट घ्या आणि मूठभर कानाजवळ हलवून बघा: बी खुळखुळली तर ती वाळलेली. ओलसर मिरची गाडीच्या डिकीत एका रात्रीत बुरसते.