मी आधी हसले

मंगळवार, रात्री

सकाळी शाळेच्या फॉर्मसाठी चिऊचा फोटो काढायचा होता. हा मोबाइल घेऊन उभा राहिला, तर म्हणते, "बाबा, खिडकीपाशी काढ. नाहीतर मी दिसायचीच नाही." आणि खुदकन हसली. हाही हसला. मी डबा भरत होते. भाजीचा चमचा तसाच हातात राहिला.

ते वाक्य तिचं नाही. काल जेवताना टीव्हीवर लागलेल्या स्किटमधलं आहे. कांदेपोह्यांचा कार्यक्रम, साडी नेसलेला नट नवरी झालेला, आणि मुलाचा मामा ओरडतो, "अहो लाइट लावा, मुलगी दिसेना!" मागे हशा, टाळ्या. मीही हसले. तोंडात घास असताना, मोठ्याने. चिऊने आधी माझ्याकडे बघितलं, मग ती हसली. तिचं ते बघणं मला कळलं होतं. कळूनही मी आमटी गरम करायला उठले.

आणि गेल्या महिन्यात मीच ती इंग्रजी मालिका बंद केली होती. कोपऱ्यात यू/ए 13+ लिहिलेलं, आणि ही दिवाळीत नुकती अकराची झालेली. "वर्गातल्या सगळ्या बघतात" म्हणून दोन दिवस धुसफुसली. मी पिन टाकून कुलूप लावलं. 2021 च्या नियमांपासून ओटीटीवर अशी वयाची पाटी असते, 7+, 13+, 16+, आणि 13+ आणि त्यापुढच्या गोष्टींना कुलपाची सोयही द्यावी लागते. मला त्या पाटीचा केवढा आधार वाटला होता! चुंबन आलं, शिवी आली, की बंद. आपलं काम झालं. हॉलमधल्या टीव्हीवर रात्री नऊच्या कार्यक्रमाला अशी पाटी नव्हती, आणि असती तरी त्या मामासाठी तिच्यावर काय लिहिलं असतं? त्यात शिवी नव्हती. अंगावरचा पदरसुद्धा जागेवर होता.

पण मी हसले का? मला ते अजून उलगडत नाही. माझ्या बायोडेटावर काकांनी "गहूवर्णीय" लिहिलं होतं. दर रविवारी साय आणि डाळीचं पीठ. त्या गोरं करणाऱ्या क्रीमच्या नावातून गोरेपणा 2020 मध्ये गेला तेव्हा मी केवढी खूश झाले होते, चिऊला मुद्दाम बोलावून बातमी दाखवली होती. आणि तीच मी काल खिदळले. आधी हसले, विचार नंतर आला.

दिवसभर वाटत होतं, सगळं माझ्याच डोक्यावर का? तिने काय बघायचं, किती बघायचं, कुणासोबत. हा म्हणतो, "अगं, ती गंमत करत होती." माझी अडचण नेमकी तीच आहे. दुसरं कुणी म्हणायच्या आत तिने स्वतःच म्हणून टाकलं. हे शहाणपण मला सातवीत आलं होतं. तिला पाचवीतच आलं.

आईंना संध्याकाळी म्हटलं, तो कार्यक्रम जेवताना नको लावायला. त्या शेंगा सोलत होत्या. "आम्ही नाही का हसत आलो?" म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, वर न बघता, "मला बघायला आले तेव्हा दाराकडे तोंड करून बसवलं होतं. उजेडात." मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्यांचा दिवसभरातला तेवढाच एक तास हसण्याचा असतो, तोही मी काढून घेणार होते.

मी नववीत होते तेव्हा, 2001 मध्ये, अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लागायचं. दिलीप प्रभावळकरांचे आबा, आणि शेवटी घरातलं कुणीतरी दिवसाची रोजनिशी लिहायला बसायचं. ती वही उघडली की आमच्या घरातसुद्धा सगळे गप्प व्हायचे. आम्ही आमच्याच घराला हसतोय असं वाटायचं. त्यात रंगावरून कुणाला हसलेलं मला आठवत नाही. पण खरं सांगायचं तर असा विनोद तेव्हा समोर आला असता, तर तो मला खुपला असता का? नसताच. मी हसलेच असते. बाबांकडे बघून.

बुधवार, रात्री

आज टीव्ही लावला. बंद करून ते वाक्य तिच्या डोक्यातून जाणार नव्हतं, आणि शाळेच्या बसमध्ये कुणी कुलूप लावून देत नाही. आईंच्या शेजारी बसले, ताट मांडीवर घेऊन. पहिलं स्किट बँकेतल्या रांगेचं होतं, खरंच छान. पासबुक भरायला आलेल्या आजोबांवर चिऊ इतकी हसली की ठसका लागला. मी पाठ थोपटली. मीही हसत होते.

दुसऱ्यात एका जाड्या बाईला रिक्षात बसवायचं होतं. पोटाला उशी बांधलेली.

चिऊने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी उठले नाही.

"तू हसत नाहीयेस?"

"मला हसू नाही आलं."

ती पुन्हा टीव्हीकडे वळली. रिक्षा एका बाजूला कलली, रिक्षावाला खाली पडला.

"मला थोडं आलं," ती म्हणाली. "रिक्षावाला पडला त्याचं."

"त्याचं मलाही आलं असतं," आई म्हणाल्या, "पण मी भाकरी मोडत होते."

फॉर्मवर खिडकीपाशी काढलेलाच फोटो लावलाय. दोन दात पुढे, केस कानामागे, छान आलाय. मी ट्यूबलाइटखाली आणखी एक काढून ठेवलाय. तो मोबाइलवर माझ्याकडे आहे, तिला अजून दाखवलेला नाही.