तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मिस्त्राल गान्यां’मध्ये एवढं काय आहे?

फ्रेंच शिकवणाऱ्या माणसाला एक प्रश्न ठरलेला असतो. तिकडच्या लोकांचं सगळ्यात लाडकं गाणं कोणतं? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा गायिका एदित पियाफ असते. मी फ्रेंच गायक रनोचं ‘मिस्त्राल गान्यां’ ऐकवते आणि मग खरा प्रश्न येतो. मॅडम, छान आहे, पण यात एवढं काय आहे? आवाज खरबरीत, ठेका जवळजवळ नाहीच, तीन मिनिटांच्या आत संपतंसुद्धा. चाळीस वर्षं हे टिकलं कसं?

लाडकं म्हणते ते माझ्या आवडीवरून नाही. 2015 मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या एका जनमत चाचणीत लोकांनी याच गाण्याला पहिलं ठेवलं. जाक ब्रेलचं ‘न म कित पा’ दुसरं आलं आणि बार्बाराचं ‘लेग्ल न्वार’ तिसरं. ब्रेल आणि बार्बारा म्हणजे फ्रेंच गाण्यातली दैवतं. त्यांच्याही वर जाऊन बसलेलं हे गाणं लहानपणीच्या गोळ्यांबद्दल आहे.

मिस्त्राल ही एक पुडी असायची. आत जिभेवर फसफसणारी आंबटगोड पावडर, ती छोट्या नळीने ओढून खायची. काही पुड्यांच्या आत ‘गान्यां’, म्हणजे ‘जिंकलात’, असं छापलेलं निघे आणि मग दुकानदार दुसरी पुडी फुकट देई. गाणं आलं 1985 च्या डिसेंबरात, तोवर ही पुडी दुकानांतून गेलेली होती. गाण्यात बाकीचीही नावं येतात. रूदूदू म्हणजे शिंपल्यात ओतून घट्ट केलेली साखर. मुलं शिंपल्यासकट ती चाटत बसत आणि कडेने ओठ कापून घेत. कोको-बोएर म्हणजे चपट्या डबीतली ज्येष्ठमधाची पूड. कार-आं-साक म्हणजे पिशवीतल्या रंगीत बारीक गोळ्या. कारांबार ही कॅरॅमलची लांब कांडी मात्र 1954 पासून आजतागायत मिळते. तरी रनो ‘पूर्वीची कारांबार’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी आत्ताची ती नव्हेच.

आता रनोबद्दल, कारण त्याला ओळखल्याशिवाय हे गाणं अर्धंच कळतं. रनो सेशांचा जन्म 1952 चा, पॅरिसचा. पोर्त दोर्लेआंच्या भागात वाढलेला, वडील लेखक आणि जर्मनचे शिक्षक. हा मात्र चामड्याचं जाकीट घालून, गळ्यात लाल रुमाल बांधून रस्त्यावरच्या भाषेत गायला लागला. 1975 मध्ये त्याने ‘एग्झागोन’ या गाण्यात वर्षाचा एकेक महिना घेऊन अख्ख्या फ्रान्सला झोडपलं. 1977 च्या ‘लेस बेतों’मध्ये शब्द उलटे करून बोलायची गल्लीतली बोली थेट रेडिओवर गेली. असा हा भांडखोर माणूस आपल्या पाच वर्षांच्या मुलीला, लोलिताला, शेजारी बसवून गोळ्यांच्या गोष्टी सांगायला निघतो. त्याचं त्यालाच ते फार खाजगी वाटलं होतं. आल्बमचं रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसमध्ये चाललं होतं आणि हे गाणं त्यात घ्यायला तो तयार नव्हता. त्याने फोनवरून बायकोला, दोमिनिकला, ते ऐकवलं. तिने बजावलं, हे रेकॉर्ड केलं नाहीस तर मी तुला सोडून जाईन. शेवटी आल्बमलाच या गाण्याचं नाव मिळालं.

गाण्यात घडत काहीच नाही. ध्रुवपद नाही, तीन कडवी आहेत आणि तिन्ही ‘मिस्त्राल गान्यां’वर येऊन थांबतात. बाकावर पाच मिनिटं तुझ्याजवळ बसावं, माणसं बघावीत, तुझी इवलीशी बोटं हातात घेऊन जुन्या चांगल्या दिवसांबद्दल बोलावं. कबुतरांना दाणे टाकावेत आणि मग लाथ मारल्यासारखं करून त्यांना उडवावं. पावसात चालावं, डबक्यात उड्या मारून बूट खराब करावेत, आई चिडली की हसावं. दुकानातून कोणत्या गोळ्या पळवायचो ते तुला सांगावं. सगळं असं ‘करावं’मध्येच आहे. प्रत्यक्षात तो बाकावर बसलेला नाही, मुलगी जवळ नाही, पुडी तर जगातच नाही.

माझ्या मते गाणं टिकण्याचं कारण इथे आहे. हरवलेल्या बालपणाची गाणी ढिगाने आहेत आणि त्यांतली बहुतेक गाणाऱ्याच्या स्वतःच्या उसाशांनी भरलेली असतात. रनो मागे वळून बघतो ते मुलीला काहीतरी द्यायला. आणि जे द्यायचंय ते देताच येत नाही. लोलिताचा जन्म 1980 चा, मिस्त्रालची चव तिच्या जिभेवर कधीच येणार नाही. तिला मिळणार आहेत फक्त नावं. म्हणून तो नावं एकामागून एक घेतो, एकाचाही अर्थ सांगत बसत नाही. ‘आमच्या वेळच्या गोळ्या’ एवढंच म्हटलं असतं तर गाणं कधीच विरून गेलं असतं. ओठ कापणारा, दात खराब करणारा रूदूदू म्हटल्यावर, ज्याने तो कधी पाहिलेलाही नाही त्यालाही ओठावर काहीतरी जाणवतं.

शिवाय मुलीचं नाव गाण्यात कुठेच नाही, फक्त ‘तू’ आहे. ऐकणारा लहान असेल तर त्या ‘तू’च्या जागी तो स्वतः जाऊन बसतो. काही वर्षांनी तेच गाणं ऐकताना तो बोलणाऱ्याच्या जागी गेलेला असतो, आणि ही बदली कधी झाली ते त्याला कळलेलं नसतं. फ्रान्समध्ये आज हे गाणं म्हणणाऱ्या मुलांच्या आजोबांनी कदाचित मिस्त्राल खाल्ली असेल, आईवडिलांनी नाही. तरी ती मुलं ते मनापासून म्हणतात. 2017 मध्ये गंभीर आजारी मुलांवर निघालेल्या एका माहितीपटाचं नावही याच गाण्यातल्या ओळीतून घेतलेलं आहे. गोळ्या संपल्या, पण गाण्याला त्यांची गरज उरली नव्हती.

वर्गात हे गाणं झालं की मी मुलांना त्यांच्या यादीचं एक कडवं फ्रेंचमध्ये लिहायला लावते. पहिल्या मसुद्यात हमखास ‘चॉकलेट’, ‘आइस्क्रीम’ असे शब्द येतात. मग विचारायचं, कुठलं? कुणाच्या दुकानातलं? हाताला काय लागायचं? तेव्हा कुठे रावळगावच्या गोळ्या येतात, कागदाच्या पुडीतलं बोरकूट येतं, शाळेबाहेरची जिरागोळी येते, आणि यातलं काहीच फ्रेंचमध्ये नेता येत नाही म्हणून नावं तशीच ठेवावी लागतात. त्या दुसऱ्या मसुद्यांपुढे व्याकरणाच्या चुका मला अगदी किरकोळ वाटतात.

एक बदल मात्र पहिल्यांदा ऐकताना निसटतो, म्हणून मुद्दाम सांगते. पहिल्या कडव्यात तो म्हणतो, चांगल्या दिवसांबद्दल बोलावं, मेलेल्या किंवा परत येणाऱ्या. तिथे अजून आशा शाबूत आहे. तिसऱ्या कडव्यात सूर्य मावळतीला लागलेला असतो, जवळजवळ तेच वाक्य पुन्हा येतं, आणि आता ते दिवस मेलेत आणि मला त्याचं काही पडलेलं नाही, असं तो म्हणून टाकतो. मधल्या वेळात तो कडवट झालेला नाही. तिचं हसणं त्याने तीनदा ऐकलंय, भिंतींना तडा देणारं, समुद्रासारखं, पाखरांच्या हाकांइतकं उंच जाणारं, आणि दिवस परत येण्याची अट त्याने सोडून दिलीय. त्यानंतरच तो मुलीला सांगू शकतो की आयुष्यावर प्रेम कर, काळ खुनी असला तरी कर. काळाला खुनी म्हणणारी ती ओळ सगळे जण उद्धृत करतात. मला तिच्या आधीचं ते झटकून टाकणं जास्त मोठं वाटतं, कारण त्याच्याशिवाय शेवटचा उपदेश पोकळ झाला असता.

लोलिता सेशां पुढे लेखिका झाली, चित्रकथा काढू लागली. रनोचं मधलं आयुष्य दारूने पोखरलं, आवाज फाटला, तो बरीच वर्षं गप्प होता. 2002 आणि 2016 मध्ये तो परतला तेव्हा लोकांनी त्याला त्या फाटक्या आवाजासकट उचलून धरलं.

कोणतं रेकॉर्डिंग ऐकू, असंही विचारता. 2014 मध्ये त्याच्या गाण्यांचा मानवंदना म्हणून एक आल्बम निघाला, त्यात कॅनडातल्या क्वेबेकच्या केर द पिरात या गायिकेने हे गायलंय. तिचा आवाज स्वच्छ आहे आणि नवशिक्यांना शब्द तिच्याकडून पटकन कळतात. पण सुरुवात 1985 च्या मूळ गाण्यानेच करा. तिथे पियानो आहे आणि रनोची ती गल्लीतली बोली आहे, अर्धी अक्षरं गिळणारी. पाच वर्षांच्या मुलीशी बाप असंच बोलेल. केर द पिरात सुरेख गाते, पण तिचं ऐकताना मला कधीच वाटत नाही की हिने दुकानातून गोळ्या पळवल्या असतील.