माका: अखेर २७ रोपं, आणि दोष बियाण्याचा नव्हताच

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बियांचा तिसरा ट्रेही कोराच राहिला, आता माक्याचा, म्हणजे भृंगराजाचा, नाद सोडतो. सोडवला नाही. आज सकाळी २७ रोपं मोजली.

आधी विकतच्या पाकिटाचं सांगून टाकतो. वर ‘माका’ छापलेलं, पण दहापट भिंगाखाली धरलं तर प्रत्येक बीच्या टोकाला पिसासारखा केसांचा झुपका. म्हणजे एकदांडी, वेगळंच तण! माक्याच्या बीला असा झुपका नसतोच. ‘एक्लिप्टा’ हे माक्याचं शास्त्रीय नावसुद्धा उणीव सांगणाऱ्या ग्रीक शब्दावरून आलंय. बी चपटी, दोन-अडीच मिलिमीटरची, अंगावर बारीक पुटकुळ्या. विकणाऱ्याने एकदा भिंग लावायला हवं होतं. तेव्हापासून बी मी स्वतःच गोळा करतो. कडेची पाकळ्यांसारखी किरणपुष्पकं गळालेला स्तबक, म्हणजे फुलाचा गोंडा, बोटाने चोळला की तयार बी काळपट होऊन तळहातावर सुटते. कोवळी असेल तर सुटत नाही, मग तशीच राहू द्यायची.

आता खरं दुखणं. पहिली पेरणी कोकोपीटमध्ये, दुसरी माती-वाळूत, तिसरी बी रात्रभर भिजवून. पाणी कमी-जास्त करून पाहिलं, ट्रे उबेला ठेवला, बी जुनं असेल म्हणून ताजं आणलं. काही नाही. आणि तिन्ही वेळा एक गोष्ट मी न चुकता करत होतो: बी टाकलं की वरून अर्धा सेंटिमीटर चाळलेली माती.

उत्तर नेच्याच्या कुंडीत सापडलं. बी झटकताना तिथे थोडं सांडलं होतं. कुंडीतल्या ओल्या शेवाळावर, अगदी उघड्यावर, समोरासमोर पानांच्या जोड्या धरून सात रोपं उभी. माक्याच्या बीला रुजायला उजेड लागतो, आणि मी तिला दर वेळी अंधारात गाडत होतो.

खात्रीसाठी दोन ट्रे केले, प्रत्येकी ४० बिया. मातीवर नुसत्या टाकून तळहाताने दाबल्या. एक उघडा, दुसऱ्यावर पुठ्ठा. नवव्या दिवशी उघड्यात २२, पुठ्ठ्याखाली शून्य. त्याच दिवशी पुठ्ठा काढला. आज चौदावा दिवस: उघड्यात २७, आणि दुसऱ्यात पहिली तीन! ती तीन बघून जो आनंद झाला तो २७ बघूनही झाला नव्हता. पाणी मात्र खालून, थाळीतूनच द्या. स्प्रेने उघडं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं.

पण हा माकाच कशावरून? माक्यासारख्या दिसणाऱ्या कांचरीचा घोळ तुम्हाला आठवत असेल: माका समजून दीड महिना जपलेल्या रोपांच्या बेचक्यात पांढरे कागदी गोंडे आले आणि कळलं की हे कूळच वेगळं. या वेळी थांबलो नाही. नेच्याच्या कुंडीतलं सगळ्यात मोठं रोप घेतलं. पान बोटाला खरखरीत लागतं, कांचरीचं गुळगुळीत असतं. मग खोडाचा तुकडा पांढऱ्या कागदावर चिरडला. डाग आधी हिरवा, काही मिनिटांत कडेने निळसर झाला आणि बघता बघता काळा. माकाच. कागद वहीत चिकटवून ठेवलाय.

बेत असा होता की चार पानं झाली की २७ पैकी दहा रोपं कुंड्यांत हलवायची. पण आत्ता चिरडलेल्या रोपाचा उरलेला भाग उचलला तर खालच्या पेराला दोन पांढरी मुळं फुटलेली दिसली. मग पुनर्लागण राहू दे. या तुकड्याचे दोन भाग करून, प्रत्येकात एक पेर ठेवून, ओल्या गाळमातीत आडवे लावतो. बियांची रोपं ट्रेमध्येच विरळ करेन. फांदीचं रोप आधी फुलतं की बियाचं, हे आता पाहायचंय.