या उन्हाळ्यात काय वाचू? तुम्ही विचारलंत म्हणून

फैजपूरच्या बाजूला एका गावात माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मे महिन्यात विक्री थंड असते. गुलाबी बोंडअळीमुळे जूनच्या आधी कपाशी लावू नका असं कृषी खातं सांगतं, त्यामुळे माणसं येतात ती भाव विचारायला आणि घटकाभर पंख्याखाली बसायला. काउंटरवर उपडं ठेवलेलं पुस्तक दिसलं की विचारतात, "भाऊ, काय वाचू राह्यले? आमाले बी सांगा एखांदं."

मी घाईत एखादं नाव सांगून मोकळा होतो आणि मग दिवसभर चुटपुट लागते. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

मी अभ्यासू वाचक नाही. पारा ४५च्या घरात गेला की दुपारी एक ते पाच बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा वाचतो. यंदा ठरवलं की आपल्या खानदेशच्या मातीतली, नाहीतर इथं राहून गेलेली माणसंच वाचायची. त्यांची नावं चौकांना आहेत, विद्यापीठाला आहेत, पण आपण त्यांना शाळेच्या धड्यापलीकडे फारसे भेटलेलो नसतो.

सुरुवात बहिणाबाईंपासून केली, कारण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती आणि सुरतेहून बहीण दोन्ही मुलांना घेऊन माहेरी आली होती. आखाजीवर बहिणाबाईंची कविताच आहे. आई ओट्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती, मी तिला ती कविता वाचून दाखवू लागलो. दोन ओळी झाल्या आणि तिने हात थांबवला. "असं नही," म्हणाली आणि तीच ओळ तिने जात्यावरच्या चालीत म्हणून दाखवली. मी या कविता आधी दोनदा वाचलेल्या होत्या. भिंतीवर आणि लग्नपत्रिकेत छापतात तशी सुवचनं म्हणूनच मी त्यांच्याकडे बघत होतो. आईच्या तोंडून ऐकल्यावर कळलं की ओळ कुठे तुटते आणि दम कुठे घ्यायचा, हे हातातल्या कामानं ठरवलेलं आहे. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. डिसेंबर १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ साली, मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे, त्यांची गाणी पुस्तकात आली. माझं मत विचाराल तर हे पुस्तक सलग वाचू नका. दिवसाला दोन कविता पुष्कळ झाल्या, आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा.

नंतर 'कोसला' घेतली. १९६३ची कादंबरी, नेमाडे तेव्हा पंचविशीत होते, आणि त्यांचं सांगवी आमच्याच यावल तालुक्यातलं. कॉलेजात असताना मी ती पुण्याच्या होस्टेलच्या भागातच सोडून दिली होती. बरेच जण तिथंच सोडतात. आता माझा मुलगा पुण्यात होस्टेलला आहे. फोनवर "हो", "बरं", "पैसे पाठवा" यापलीकडे फार बोलत नाही. त्यामुळे या वेळी कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकरचं बोलणं वाचताना माझे कान त्याच्या वडिलांकडे लागलेले होते. मुलगा घरी काय सांगत नाही, ते सगळं या पुस्तकात आहे. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, देवीच्या आजारात मृत्यू होतो. त्या पानांनंतर दोन दिवस मला पुढे जाता आलं नाही. पोरगं शिकायला बाहेर असलेल्या प्रत्येक बापाने ही कादंबरी वाचावी असं मला मनापासून वाटतं. मधली पानं रेंगाळलेली वाटतील, ती रेंगाळू द्या.

सर्वांत जास्त बोलायचंय ते 'श्यामची आई'बद्दल. "ते तर लहानपणीच वाचलं," असं सगळे म्हणतात. बक्षीस म्हणून हे पुस्तक घरोघरी आलेलं असतं, आणि बक्षिसाची पुस्तकं बहुधा कपाटातच राहतात. गोष्ट कोकणातली असली तरी साने गुरुजी आपल्या अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, आणि १९३६च्या फैजपूर काँग्रेससाठी याच भागात राबले होते. पुस्तक त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहून काढलं. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. एकूण बेचाळीस. मग रोज एकच रात्र वाचायची, आणि वाचायची रात्रीच, असं आम्ही ठरवलं.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, वाफ निघून गेली की बाजा टाकायच्या आणि मोबाईलच्या उजेडात मी वाचायचं. भाच्यांची शाळा गुजराती माध्यमाची. मराठी कळतं, पण वाचता येत नाही. अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, ती गोष्ट वाचली, तर दुसऱ्या दिवशी धाकटा ओल्या पायांनी न्हाणीच्या उंबऱ्यात उभा राहून टॉवेल अंथरा म्हणाला. त्याच्या आईने अंथरलाही.

कर्जाची रात्र मात्र मुलांपेक्षा आम्हा मोठ्यांना जड गेली. सावकाराचा माणूस दारात येऊन नको ते बोलतो आणि श्यामची आई त्याला सुनावते, तिथं माझी आई बाजेवर उठून बसली. "किती कर्ज व्हतं त्यांच्यावर?" एवढंच तिने विचारलं. माझ्या वडिलांच्या काळात आमच्याही दारात कोणीतरी असं बोलून गेलेलं होतं. तेव्हा मी किती वर्षांचा होतो ते आठवत नाही, पण आईने दाराची कडी धरून ठेवली होती, ते आठवतं.

आज माझी निम्मी विक्री उधारीवर होते. पीक विकलं गेलं की पैसे, असा व्यवहार. वसुलीला मी एका मुलाला मोटारसायकलवर पाठवतो. तो दारात काय बोलतो, कोणासमोर बोलतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री पुस्तक मिटल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. सकाळी मुलाला बोलावून सांगितलं, घरधनी शेतात असेल तर शेतात जा, नसेल तर परत ये, बायका-पोरांसमोर पैशाचा शब्द काढायचा नाही. तो म्हणाला, "शेठ, मंग वसुली कमी होईन." होऊ दे म्हटलं. खरंच थोडी कमी झाली आहे. हे पुस्तक रडवं आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. त्यातली आई मला कुठेही दुबळी दिसली नाही.

बालकवींवर थोडं. धरणगावचे, १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' हे नाव मिळालेले, आणि ५ मे १९१८ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे. पाठ्यपुस्तकामुळे आपल्याला त्यांचा हिरवागार श्रावणच ठाऊक. पण 'पारवा' वाचा, 'खेड्यातील रात्र' वाचा. ओसाड दुपारीसुद्धा पटतील अशा कविता आहेत. भुसावळहून जळगावला जाताना पॅसेंजर भादलीला थांबली की आता मी खिडकीतून बाहेर बघतो.

जूनच्या सुरुवातीला वादळ झालं, आजूबाजूच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या, गच्चीवरचं झोपणं बंद पडलं. भाच्यांची शाळाही उघडली. आमच्या बत्तीस रात्री झाल्या होत्या. पुस्तक घेऊन जा म्हटलं तर भाची म्हणाली, "नको मामा, तूच वाच." उरलेल्या दहा दिवाळीच्या सुट्टीत.

तर तुम्ही विचारलंत म्हणून एवढं सांगितलं. कपाशीची लागवड आटोपली की दुकानात या. बहिणाबाई घेऊन जा, 'कोसला' घेऊन जा, परत द्यायची घाई नाही. फक्त 'श्यामची आई' मागू नका. ती उधारीच्या वहीशेजारी ठेवली आहे, तेहतिसाव्या रात्रीवर एसटीचं तिकीट घालून.