दाराच्या पोटात

गाडीच्या दाराची विजेवर चालणारी काच रुसते ती बहुधा वर चढताना. खाली उतरताना ती क्वचितच अडते. यात दैवाचा खोडसाळपणा नाही. उतरताना काचेचे स्वतःचे वजन मोटरच्या मदतीला येते, चढताना तेच वजन तिच्या विरोधात जाते आणि त्यात दोन्ही बाजूंच्या रबरी खाचांच्या घर्षणाची भर पडते. त्यामुळे थकत चाललेली मोटर काच निमूटपणे खाली नेते आणि परत आणायच्या वेळी मात्र हात वर करते. मालकाच्या वाट्याला येते ती अडकलेली उघडी काच, मिटलेली नव्हे. बेळगावात हे मृगापासून गणपतीपर्यंत फार महागात पडते. गाडी जांबोटीवरून कणकुंबीकडे, म्हणजे मलप्रभेच्या उगमाकडे, निघाली असेल तर विचारूच नये. तिकडचा पाऊस आडवा येतो आणि उघड्या फटीवर चिकटपट्टीने लावलेला प्लॅस्टिकचा कागद पहिल्याच वळणाला फडफडू लागतो.

पूर्वी चालकाच्या बाजूच्या काचेवर मोठा भार टोलनाक्यांचा असे. पुणे-बंगळूर महामार्गावर कोगनोळी, हत्तरगी अशा प्रत्येक ठिकाणी काच खाली, पैसे, पावती, सुट्या पैशांची हुज्जत, मग काच वर, असा क्रम ठरलेला होता. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि ते बरेचसे थांबले. तरीही सीमाभागात काच खाली करण्याची निमित्ते काही संपत नाहीत. निवडणूक लागली की हद्दीवर तपासणी नाके उभे राहतात. चिकोडीच्या बाजूला वाट कन्नडात विचारावी लागते आणि थोड्याच वेळाने कागलकडे मराठीत, पण काच दोन्हीकडे पुरती खाली न्यावी लागते, कारण चार बोटांच्या फटीतून प्रश्न टाकणाऱ्याला इकडे कोणी मनापासून उत्तर देत नाही. चार दारांतली हीच काच सर्वाधिक राबते आणि म्हणून हिचीच मोटर बहुधा आधी थकते.

बटण दाबून काच हलवण्याची सोय तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० मध्ये ती आपल्या महागड्या गाड्यांत दिली, तेव्हा विजेवर चालणाऱ्या पंपाने द्रवाचा दाब निर्माण करून काच उचलली जाई. प्रत्येक दारात स्वतंत्र मोटर बसू लागली ती नंतर. आपल्याकडे अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ च्या अखेरीस आलेली मारुती ८०० या गाड्यांच्या दारांना फिरवायचे हँडल असे. त्या हँडलविषयी मला हळवेपणा नाही. मागच्या दाराची काच लावायला गाडी थांबवून मागे हात घालण्यात कसलाही आनंद नव्हता. पण त्या हँडलचा एक गुण मात्र मान्य करावा लागतो. काच जड होऊ लागली की मनगटाला लगेच कळे, आणि रबर कडक झाले आहे किंवा खाचेत माती बसली आहे हे समजायला मेस्त्रीकडे जावे लागत नसे. बटणाला तेवढेच बोट लागते, काच हलकी असो वा जड. मधली सगळी ओढाताण मोटर स्वतःच्या अंगावर घेते, वर्षानुवर्षे घेते आणि शेवटी ती थांबली की आपण म्हणतो, मोटर गेली.

ही मोटर दाराच्या दोन पत्र्यांमधल्या पोकळीत बसवलेली असते. बारा व्होल्टवर चालणारी, कायमचे चुंबक असलेली, मुठीत मावेल एवढी ती वस्तू असते. तिच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे पाडलेले असतात आणि ते आटे नायलॉनचे एक दातेरी चाक फिरवतात. दांड्याच्या अनेक फेऱ्यांनी चाकाची एक फेरी पुरी होते. वेग असा खर्ची पडतो आणि त्याच्या मोबदल्यात जोर मिळतो. चाकाला जोडलेल्या ढोलावर, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तशी, पोलादी तारेची दोरी एका बाजूने गुंडाळत आणि दुसऱ्या बाजूने सुटत जाते. ती लहान प्लॅस्टिकच्या कप्प्यांवरून फिरून काचेचा तळ धरलेली पकड वर-खाली नेते. या सगळ्या सांगाड्याला गॅरेजात रेग्युलेटर म्हणतात. काही गाड्यांत दोरीऐवजी एकमेकांना छेद देणाऱ्या दोन लोखंडी भुजा असतात. आट्यांच्या या रचनेत एक मोठी हुशारी आहे. मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटरला उलटे फिरवू शकत नाही. म्हणून वीज बंद असली तरी काच जागच्या जागी राहते आणि बाहेरून तळव्याने दाबून ती सहजी खाली सरकवता येत नाही.

बिघाड एकदम होत नाही, तो आधी वर्दी देतो. काच वर जाताना रेंगाळते, दोन-तृतीयांश वाट चढून थबकते, पुन्हा बटण दाबले तर टिचभर सरकते. मग ती मुळीच हलत नाही आणि पाच-दहा मिनिटांनी, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, सरळ वर जाते. हा चमत्कार नसतो. पुष्कळ मोटरींच्या आत जादा तापल्यावर वीज तोडणारा एक लहान रक्षक बसवलेला असतो, तो थंड झाला की वीज पुन्हा जोडतो. दाराच्या आतल्या बाजूला बुक्की मारली की काच चालू होते, हा उपायही आपल्याकडे सर्वश्रुत आहे आणि तो थोतांड नाही. मोटरच्या फिरत्या भागाला टेकून त्यात वीज पोहोचवणारे लहान ठोकळे, म्हणजे कार्बन, झिजलेले असले तरी धक्क्याने क्षणभर नीट टेकतात. माझ्या गाडीतल्या मंडळींना कोणत्या जागी बुक्की मारायची हे इतके पाठ झाले होते, की नवा पाहुणा बसला तर त्याला ती जागा दाखवून देण्यात येई. बटण दाबताना आतला दिवा किंचित मंदावतो की नाही, हेही पाहण्यासारखे असते. मंदावला, तर वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे आणि पुढे काहीतरी अडले आहे. जराही मंदावला नाही, तर फ्यूज, बटण किंवा वाटेतली वायर यांच्याकडे आधी संशयाने पाहावे.

ज्या ठिकाणी गाडीची नेमाने सर्व्हिसिंग होते तिथल्या काउंटरवर मला सांगण्यात आले, की मोटर सुटी मिळत नाही, रेग्युलेटरसह पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल आणि ती बाहेरून मागवावी लागेल. कोणता भाग बिघडला आहे हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. ज्या जिल्ह्यात उद्यमबागेच्या फाउंड्र्यांतून ओतीव भाग बाहेर पडतात आणि हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात, तिथे दोन कार्बनांसाठी संपूर्ण यंत्रणा परगावाहून आणायची, हे मला पटेना. म्हणून गाडी ऑटोनगरातल्या एका इलेक्ट्रिशियनकडे नेली.

हा मेस्त्री माझ्याशी मराठीत, मदतनीस पोराशी कन्नडात आणि स्क्रू निघाला नाही की स्वतःशी हिंदीत बोलत होता. आतल्या हँडलमागची नखाएवढी टोपी त्याने उचकटली, तिच्याखालचा स्क्रू काढला आणि पॅनेलच्या खालच्या कडेत चपटी पट्टी घालून क्लिपा एकामागून एक सोडवल्या. त्यातली एक काड्‌कन मोडली. पॅनेलच्या मागे काळ्या चिकट लांबीने चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा होता. तो त्याने फाडला नाही, लांबी बोटाने ताणत ताणत सोलून काढला. मग काच वर ओढून दाराच्या चौकटीला रुंद चिकटपट्टीने बांधली आणि पोराला म्हणाला, "हिडी, बिडब्याड." म्हणजे धर, सोडू नकोस. चिकटपट्टीवर त्याचा पुरता विश्वास नसावा. रेग्युलेटर सैल झाला की काच आपल्या वजनाने खाली आदळते, आणि कडक केलेल्या या काचेच्या कडेला जरा टवका उडाला तरी तिचा चुरा होतो, हे तो पूर्वी कधीतरी भरपाई देऊन शिकला असेल.

परीक्षा घ्यायला त्याच्याजवळ मल्टिमीटर होता, पण तो खोक्यातच राहिला. त्याने एका जुन्या हेडलाइटच्या बल्बला जोडलेल्या दोन वायरी घेतल्या आणि मोटरच्या प्लगात खुपसल्या. याचे कारण मला फार आवडले. मल्टिमीटर वीज जवळपास ओढतच नाही, त्यामुळे बटणातला संपर्क जळून काळा झाला असला किंवा बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायरीचे दोनच तंतू शिल्लक असले, तरी तो खुशाल बारा व्होल्ट दाखवतो. पंचावन्न वॉटचा बल्ब साडेचार अँपियरच्या आसपास वीज मागतो, आणि तेवढी मागणी केल्यावर वाटेतला कमकुवतपणा लपत नाही. या मोटरला जाणाऱ्या दोन्ही वायरी एरवी बटणातून अर्थला जोडलेल्या असतात. बटण एका बाजूला दाबले की एक वायर धन होते, दुसऱ्या बाजूला दाबले की दुसरी, आणि मोटरची दिशा उलटते. बल्ब दोन्ही वेळा सारखाच लख्ख लागला. बटण आणि वायर दोघेही निर्दोष सुटले.

"मोटर जळली नाही की ओ सर," मेस्त्री म्हणाला, "तिला जड झालंय."

ती खोलल्यावर आतून काळी भुकटी सांडली. कार्बन झिजून जी धूळ होते तिने आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, तांब्याच्या पट्ट्यांमधल्या बारीक खाचा बुजल्या होत्या आणि तांब्यावर काजळी चढली होती. एक कार्बन नखभर उरला होता, दुसरा स्प्रिंगसह तिरका बसला होता. नायलॉनच्या चाकाचे दाते मात्र शाबूत होते, आणि ते गेले असते तर हा सगळा उद्योग तिथेच आटोपला असता. मेस्त्रीने पट्ट्यांवरून झिरो नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, प्रत्येक खाच हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने कोरून काढली आणि दुसऱ्या कुठल्या तरी मोटरचे मोठे कार्बन कानशीवर घासून मापात आणले. ते घासताना तो दर थोड्या वेळाने कार्बन खोबणीत घालून वर-खाली करून पाही. सैल बसला तर ठिणग्या उडतात आणि घट्ट बसला तर स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही. नवी वस्तू विकत घेतली असती तर हे काम मला कधी बघायला मिळाले नसते, आणि खरे सांगायचे तर मी तिथे थांबलो तो देखरेखीसाठी नव्हे, या कानशीच्या कामासाठी थांबलो.

मोटर थेट बॅटरीवर लावल्यावर छान गुणगुणली. पण मेस्त्रीचे समाधान झाले नव्हते, कारण तिला जड का झाले, याचा उलगडा व्हायचा होता. दाराच्या पोकळीत पाणी जाणे हा दोष नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. काचेच्या बाहेरून ओघळणारे पावसाचे पाणी कडेच्या रबरातून थोडेफार आत जाणारच, म्हणून दाराच्या अगदी तळाशी ते वाहून जायला भोके ठेवलेली असतात. खानापूरच्या बाजूची तांबडी माती पाण्याबरोबर आत जाते आणि या भोकांत घट्ट बसते. अथणी-गोकाककडे फिरणाऱ्या गाड्यांत हेच काम काळी माती करते. मेस्त्रीने खराट्याची एक काडी घेतली आणि दाराच्या खालच्या कडेतल्या भोकात खुपसून फिरवली. चहाच्या रंगाचे पाणी धार धरून बाहेर आले. ते इतका वेळ येत राहिले, की पोराने काच धरल्या धरल्या पाय मागे घेतले. या ओलीत, या वाफेत मोटर पावसाळ्यामागून पावसाळे काढत होती. वर काचेच्या खाचेतले रबर कडक होऊन त्यात मातीचा थर बसला होता, तेव्हा काच ओढायला दुप्पट जोर लागला असला तर नवल नाही.

मग रबर ओल्या फडक्याने पुसले गेले, फाटलेला एक तुकडा बदलला गेला आणि खाचेत सिलिकॉनचा फवारा मारला गेला. इंजिनचे तेल किंवा खोबरेल घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तेलाने काच दोन दिवस लोण्यासारखी चालते, मात्र इंजिनच्या तेलाने रबर फुगते आणि कोणत्याही तेलावर धूळ चिकटून खाच पहिल्यापेक्षा वाईट होते. ग्रीस लावावे ते धातूच्या सरकत्या भागांना आणि दातेरी चाकाला, तेही बेताने. प्लॅस्टिकचा पडदा मेस्त्रीने पुन्हा नीट चिकटवला. पुष्कळ ठिकाणी तो निरुपयोगी समजून फेकून देतात आणि पुढच्या पावसात पायाखालचा गालिचा का भिजतो याचा शोध घेत बसतात, कारण पोकळीतले पाणी पॅनेलकडे न येऊ देणारा अडसर तेवढाच असतो. शेवटी बटण एकदा दाबले की काच आपोआप पूर्ण वर जाण्याची जी सोय असते, ती मोटरला नव्याने शिकवावी लागली. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच ओढून धरले. पुष्कळ गाड्यांत बॅटरी काढून जोडल्यावरही हे करावे लागते, आणि ते माहीत नसल्याने चांगल्या मोटरींवर विनाकारण आळ येतो.

बिलात कार्बन, रबराचा तुकडा, फवारा आणि मजुरी एवढेच होते. उरलेल्या तीन दारांची भोके पाऊस लागण्याआधी साफ करून घ्या, असे त्याने बजावले आणि ती खराट्याची काडी माझ्याच हातात दिली. मोडलेल्या क्लिपच्या जागी दुसऱ्या कुठल्या गाडीची क्लिप ठोकून बसवली आहे, तिचे माप जरा निराळे असल्याने खराब रस्त्यावर पॅनेलचा तो कोपरा कुरकुरतो. मूळ मापाची क्लिप कोल्हापूरहून येणार आहे, असे मेस्त्री प्रत्येक भेटीत सांगतो.