मालवणची होडी आणि नवी मुंबईचा चिखल

बदलीची ऑर्डर आली तेव्हा घरात सगळ्यांना पडलेले प्रश्न वेगवेगळे होते, लेकीला शाळेचा, नवऱ्याला भाड्याचा, आणि मालवणात बसलेल्या बाबांना एकच, "गो, होडी खंय ठेवतलंस?" कारण होडी आता कागदोपत्री माझी आहे, बाबांच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच जाहीर केलं की आता पाण्यात उतरणं बंद, आणि भाऊ पुण्यात, त्याला समुद्र फक्त गणपतीत आठवतो. तर १९ फुटी फायबरची होडी, ४० एचपीचं आऊटबोर्ड इंजिन, नाव सातेरी. आणि मी बँकेच्या वाशी शाखेत.

नवरा म्हणाला, "इथे कारला पार्किंग मिळत नाही आणि तुला बोट पार्क करायचीय." बरोबरच होतं त्याचं, पण मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर तशीच ठेवली तर वर्षभरात उन्हाने फायबर तडकेल, इंजिन जाम होईल, आणि विकायची म्हटलं तर बाबा जेवण सोडतील. म्हणून डिसेंबरपासून दर रविवारी मी जागा बघायला निघाले. लोक फ्लॅट बघायला जातात ना, तसंच, फक्त इथे ब्रोकरला पण माहीत नसतं नक्की काय विकतोय ते.

आधी एक सांगायला हवं. आमच्याकडे मालवणात होडी ठेवणं म्हणजे काय, तर संध्याकाळी चार माणसं, खाली ओंडके, आणि हैय्या करून वाळूवर ओढली की संपलं, पावसाच्या आधी झापांनी शाकारून टाकायची. भरती-ओहोटीत फरक तो दोन-अडीच मीटरचा. पण जसं किनाऱ्याने उत्तरेला सरकावं तसा हा फरक वाढत जातो, मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, चार-साडेचार मीटर होतो आणि गुजरातेत भावनगरकडे तर दहा मीटरच्या आसपास जातो. साडेचार मीटर म्हणजे दीड मजला! हे पुस्तकात वाचलेलं असतं पण डोक्यात शिरलेलं नसतं. माझ्या तर अजिबात शिरलं नव्हतं, त्याची गोष्ट पुढे येतेच.

पहिला रविवार ठाण्याला. कोणीतरी म्हणालं घोडबंदरच्या बाजूला गायमुख, कोलशेत वगैरे ठिकाणी खाडी चांगली खोल आहे, आणि ते खरंच आहे, उल्हास नदीचं पाणी तिथून वसईच्या खाडीत जातं, तो पट्टा राष्ट्रीय जलमार्ग ५३ मध्ये पण येतो. गायमुखला समोर डोंगर, हिरवं पाणी, लोक कणीस खात फोटो काढतायत, मला जागा एकदम आवडली. मग हिशोब केला. नेरूळच्या घरून घोडबंदर रोडने तिथे पोचायला लागले पावणेदोन तास, रविवारी. आणि तिथून खुल्या समुद्रात जायचं तर अख्खी खाडी उतरून, भाईंदरचे रेल्वेपूल ओलांडून, वसईच्या किल्ल्यापर्यंत जायचं. म्हणजे समुद्र दिसेपर्यंत परत फिरायची वेळ. ज्याचं घर तिथेच आहे आणि ज्याला खाडीतच फिरायचंय त्याच्यासाठी मस्त आहे. माझ्यासाठी नाही. येताना ट्रॅफिकमध्ये लेकीने विचारलं, "आई, आपण बोटीने घरी नाही का जाऊ शकत?" तेव्हा मला ते फार लॉजिकल वाटलं होतं.

ऐरोलीचा विषय एका फेरीतच संपला. तिथलं सागरी जैवविविधता केंद्र छान आहे, फ्लेमिंगो बघायला वनखात्याची बोट पण जाते, पण तो सगळा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत पण आलाय, तिथे मी माझं ४० एचपी घेऊन घरघर करत फिरणार हे मलाच बरं वाटेना. आणि ठाण्याची खाडी वर वर इतकी उथळ होत जाते की ओहोटीला पाण्यापेक्षा चिखलच जास्त. पक्ष्यांना तोच तर हवा असतो म्हणा.

वाशीला एक मजेशीर गोष्ट कळली. शाखेतले एक सीनियर सांगत होते की नव्वदीच्या दशकात इथून मुंबईला हॉवरक्राफ्ट जायचं, त्यांनी स्वतः एकदा बसून प्रवास केलाय आणि आवाजाने अर्धा दिवस कान बंद होते म्हणे. मी तेव्हा नुसती हसले. नंतर घरी भांडी घासताना ट्यूब पेटली, हॉवरक्राफ्ट का? कारण ते हवेच्या उशीवर चालतं, त्याला खाली पाणी असो की चिखल, काही फरक पडत नाही. म्हणजे तेव्हाच्या लोकांना ही खाडी काय चीज आहे ते पक्कं माहीत होतं.

आता ती गोष्ट. एका खासगी जागेचं कळलं, नाव घेत नाही, कुठल्या खाडीवर तेही सांगत नाही. फोनवरचा माणूस फार गोड बोलायचा. "मॅडम, रविवारी बाराला या, निवांत दाखवतो." गेलो. काय दृश्य होतं! काठोकाठ पाणी, तरंगता धक्का, त्यावर निळं कार्पेट, चार-पाच बोटी आरामात डुलतायत, नळ, लाइटचा पॉइंट, सीसीटीव्ही. भाडं बोटीच्या लांबीवर, फुटाला दर महिन्याचा इतका इतका, असा हिशोब, १९ फुटांना गुणल्यावर नवऱ्याचा चेहरा पडला पण माझा नाही. सहा महिन्यांचे आगाऊ द्या म्हणाला, मी म्हटलं उद्या ट्रान्सफर करते.

रात्री बाबांना फोन केला, सगळं रंगवून सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "आज तिथी कोणती?" पौर्णिमा. "आणि तू गेललंस कधी?" बारा वाजता. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "दुपारी काय बघतंस? सुकतीक जा." सुकती म्हणजे ओहोटी.

लहानपणापासून पाठ असलेला हिशोब मी विसरले होते, हे लिहितानाही लाज वाटते. तिथीचा आकडा घ्यायचा, पाऊणने गुणायचा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वा अकरा, थोडं पुढंमागं धरलं तर दुपारी बाराच्या आसपास टम्म भरती, आणि त्यापासून सहा तासांवर तितकीच खोल ओहोटी, कारण उधाणाला पाणी चढतं पण जास्त आणि उतरतं पण जास्त. तो माणूस मला बाराला बोलवत होता तो काय माझ्या झोपेची काळजी म्हणून नव्हे.

सोमवारी, म्हणजे प्रतिपदेला, सकाळी पावणेसातला मी एकटी रिक्षाने तिथे गेले. गेटवरचा वॉचमन दात घासत होता. पाणी नव्हतं. म्हणजे लांब कुठेतरी एक चमकणारी रेघ होती, पण आदल्या दिवशीचा तो तरंगता धक्का चिखलात एका बाजूला कलंडून बसला होता, निळ्या कार्पेटवर बगळा उभा होता, आणि त्या आरामात डुलणाऱ्या बोटी कुशीवर आडव्या, म्हशी बसतात ना तशा. एकीचं इंजिन अर्धं चिखलात रुतलेलं. वास तर विचारूच नका. मी वॉचमनला विचारलं रोज असंच असतं का, तर तो ब्रश तोंडातच ठेवून म्हणाला, "आज जरा जास्तच गेलंय पानी."

ज्यांना वाटेल की चिखल तर मऊ असतो, बसली तर बसली बोट, त्यांच्यासाठी सांगते. आऊटबोर्ड इंजिन थंड राहतं ते खालून पाणी ओढून. चिखलात किंवा अगदी उथळ पाण्यात चालू केलं की ते पाण्याबरोबर गाळ ओढतं, आतलं पंपाचं रबरी चाक झिजतं, बाजूने जी पाण्याची बारीक धार पडत असते ती बंद होते, आणि तुम्हाला कळेपर्यंत इंजिन तापून बसलेलं असतं. शिवाय इथल्या चिखलात प्लास्टिकच्या पिशव्या इतक्या की पंख्याला गुंडाळल्याच म्हणून समजा. आणि मुख्य म्हणजे दिवसातून दोनदा काही तास तुम्ही बाहेरही पडू शकत नाही आणि आतही येऊ शकत नाही. बाहेर असाल आणि वारा सुटला तर? पैसा आहे पण हवा तेव्हा हाताशी नाही, बँकेत ज्याला आम्ही लिक्विडिटीची अडचण म्हणतो, तसंच काहीसं.

पैसे अर्थातच ट्रान्सफर केले नाहीत. त्या माणसाचे नंतर नऊ मिस्ड कॉल होते.

त्यानंतर मी पद्धतच बदलली. कॅलेंडरवर अमावस्या-पौर्णिमेला लाल गोल, आणि जागा बघायची ती फक्त त्याच्या आगेमागे, सकाळी नाहीतर संध्याकाळी सहा-सातला. अमावस्येच्या आधी घरात कोणी शुभ काम काढत नाही आणि मी बोटीसाठी जागा बघायला जातेय, सासूबाईंनी एकदाच विचारलं, मग सोडून दिलं.

मग करंजा. सकाळी नेरूळहून उरणची लोकल पकडली (ही लाइन उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, रिकामी आणि देखणी, खिडकीतून मिठागरं आणि तिवरं). वाटेत मोऱ्याचा धक्का पण बघितला, पण तिथे भाऊच्या धक्क्याच्या लाँचसुद्धा मोठ्या ओहोटीत गाळामुळे बंद ठेवतात तर माझं काय. करंज्याला मात्र पाणी आहे, बंदर खरं बंदर आहे, ट्रॉलर, बर्फाच्या गाड्या, जाळी, आरडाओरडा, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एका तांडेलने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, चहा पाजला. पण तिथे माझी १९ फुटी होडी म्हणजे ट्रकस्टँडवर लावलेली स्कूटी, कधी कोण घासून जाईल पत्ता लागायचा नाही, आणि रात्री काही झालं तर नेरूळहून मी कधी पोचणार. पाण्यापलीकडे अलिबागच्या बाजूला असलेल्या मांडव्याचा विचार केला नाही असं नाही, लाटा अडवायला बांध आहे, सगळं व्यवस्थित, पण तिथे जायला मला आधी बोट लागेल. 

शेवटी घराजवळच आले. बेलापूर. म्हणजे बघा, दोन महिने फिरून घरापासून पंधरा मिनिटांवर. तिथल्या धक्क्यावरून फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉटर टॅक्सी सुरू झाली होती, शेजारी मरीनाचं पण बरीच वर्षं ऐकू येतंय. बाजूलाच दिवाळे कोळीवाडा. पनवेलच्या खाडीचं तोंड इथे उघडतं, समोर उलवे, आणि आता डोक्यावरून नव्या विमानतळाची विमानं. मी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन उभी राहिले. काठाला चिखलच, पण मधे पाण्याचा एक जाड पट्टा शिल्लक होता आणि त्यात कोळ्यांच्या होड्या सरळ उभ्या होत्या, एकही कुशीवर नाही.

एक काका जाळं निवडत बसले होते. मी इकडचं तिकडचं बोलून मग विषय काढला. "कवरी हाय बोट?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, बँकेची साडी, खांद्यावर लॅपटॉप. "चालवता कोन?" मी म्हटलं मी. परत जाळ्यात डोकं. मला वाटलं झालं, गेला हाही चान्स. मग दोन मिनिटांनी म्हणाले, "काठाला नको. मधी लावा, पान्यान. आमच्या बोटीच्या बाजूला."

पुढचं सगळं त्यांच्याच सल्ल्याने. बुडाला सिमेंट भरलेला ड्रम, त्याला साखळी, साखळीला दोर, वर तरंगता बोया. दोर किती लांब यावरून काका आणि बाबांची फोनवर वीस मिनिटं चर्चा झाली, एक आगरी-कोळीत, एक मालवणीत, मी मधे दुभाषी. मुद्दा असा की दोर ओहोटीच्या पाण्याला मोजून बांधला तर भरतीला बोटीचं नाक खाली खेचलं जातं, आणि नुसता ढिला सोडला तर ओहोटीला बोट फिरत फिरत शेजाऱ्याला जाऊन धडकते. भरतीच्या खोलीच्या निदान तिप्पट धरा यावर दोघांचं एकमत झालं, मग शेजारच्या होड्यांपासून अंतर तेवढं वाढवावं लागलं. बोटीपर्यंत जायला काकांची छोटी होडी. महिन्याचे पैसे ठरले, त्या निळ्या कार्पेटवाल्याच्या पाव भागात. नळ नाही, लाइट नाही, सीसीटीव्ही नाही. पण पहाटे तीनला खाडीवर जागा असणारा माणूस आहे, आणि इंजिनं चोरीला जातात ती पहाटे तीनलाच.

कागदपत्रांचं फार सांगत नाही, मेरीटाईम बोर्डाची नोंदणी, विमा, मालवणहून ना-हरकत, तीन सुट्ट्या त्यात गेल्या. बँकेत आम्ही लोकांना जसं "झेरॉक्स जोडा" म्हणतो तसं मला लोक म्हणत होते, न्याय आहे.

सातेरी फेब्रुवारीत ट्रकवरून आली, रात्रभर हायवेने, बाबा ड्रायव्हरशेजारी बसून, ऐकतात का. हायड्रा क्रेनने उचलून पाण्यात सोडली तेव्हा त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, वास घेतला, टाकून दिलं. "हयसर मासो गावता?" काका म्हणाले, "गावतो थोरा. आधी लय गावायचा." मग दोघं बराच वेळ काही न बोलता बसले होते, बिडी ओढत.

पहिल्या पौर्णिमेला मला झोप लागेना. सकाळी पावणेसातला व्हॉट्सॲप वाजला. काकांनी फोटो पाठवला होता, धुकं, चिखल, मधे पाण्याचा पट्टा, त्यात सातेरी सरळ उभी. खाली लिहिलं होतं, "झोपा."